गुडघ्यांचा ट्रस्ट

वकिलांच्या बाहेरच्या खोलीत माझ्या शेजारी एक म्हातारी आणि तिची लेक बसल्या होत्या. म्हातारीच्या मांडीवर कागद होते.

“आई, शाळेचा ट्रस्ट ऐकलाय, दवाखान्याचा ऐकलाय. तुझ्या गुडघ्यांचा ट्रस्ट?”

“हस तू. दुकान विकल्याचे पैसे त्यात जाणार. गुडघे पार गेले आणि मी अंथरुणाला खिळले की त्यातून बाईचा पगार द्यायचा. विश्वस्त तू.”

“म्हणजे सह्या मी करायच्या आणि आंघोळ तुला परकी बाई घालणार?”

“हो. लिहूनच घेतलंय, शुश्रूषा पगारी बाईनंच करायची. लेकीनं नाही.”

“मग मी नाही सही करत. तू नाही आजीचं सगळं केलंस?”

“नऊ वर्षं केलं. शेवटी ‘कूस बदल’ आणि ‘तोंड उघड’, एवढंच बोलायचे गं मी तिच्याशी. गप्पा राहूनच गेल्या.”

“...मग मी येऊन करू काय?”

“बस. भांड माझ्याशी. त्याला पगारी बाई मिळत नाही.”

“वेणी शुश्रूषेत येते का?”

“वेणी? नसावी.”

“मग वेणी मी घालणार.”

“घट्ट घालतेस तू. डोकं ठणकतं.”

“सैल घालीन. आण तो कागद इकडे. सही कुठे करायची?”