हिरवा होताना

...अन् वर आमचे सर म्हणतात, "बाई, हात लावू नका, विष हाय ते!" आता तुमीच सांगा, ज्या चंबूत ते विष ओतलं तो चंबू संध्याकाळी घासतं कोण? मी! तव्हा ते विष नसतंय वाटतं, तव्हा ते नुस्तं खरकटं असतंय!

थांबा, थांबा, पहिल्यापासून सांगते. मी सुकेशनी. परभणीत स्टेशनच्या अंगाला माती तपासायची एक खासगी लॅब हाय, तिथं सोळा वर्षं झाली चंबू-नळ्या धुवायले. कागदावर म्हणतात परिचर... धुणं तेच! शेतकरी पिशवीत माती आणतात, कुणी पोखर्णीची, कुणी पिंगळीची, अन् आमचे रंगनाथ सर सांगतात की त्या मातीत सेंद्रिय कर्ब किती, म्हणजे जीव किती उरलाय. कशावरनं सांगतात? तर पोटॅशियम डायक्रोमेटवरनं. नवऱ्याचं नाव घेतलं नसंल इतक्यांदा ह्याचं घेतलंय मी! अन् रंग? काय सांगू माय, पिकल्या संत्र्यासारखा, बारीक बारीक खडे, बघितलं की जिभेवर ठेवू वाटतंय... ठेवलं की कारभार आटोपला.

तर ह्याचं पाणी मातीत ओतायचं, वरनं तेजाब, ॲसिड हो, चंबू असा तापतो की धरवत न्हाई. मग गार करून आणखी एक औषध टाकलं की सगळं काळंनिळं. मग टेबलावर ती उभी काचेची नळी, ब्युरेट म्हणतात तिला, खाली इवलासा कॉक, तोटीच ती, त्यातनं दुसरं पाणी सोडायचं... टक... टक... काळंनिळंच... टक... काळंनिळंच... अन् एका थेंबाला, एकाच बरं का, सगळा चंबू हिरवागार!

असं म्हणतात. मला काय मालूम? टेबल ह्या भिंतीला, बेसिन त्या भिंतीला, माझी कायम टेबलाकडं पाठ! मागून सर वरडतात, "आला!" साबणाच्या हातानं मी गर्रकन फिरते, तवर झालेला असतो हिरवा. हिरवे चंबू मी रोज टोपलंभर बघते हो. हिरवा *होताना* कधी बघितला न्हाई. भाजी शिजताना, लेकरू उभं राहताना, सगळं होताना बघितलं जिंदगीत, हे तेवढं राहिलं. एकच थेंब हो, जास्ती न्हाई!

मागायचं ना मग, असं तुमी म्हणताल. कसं मागावं? धुणारीनं म्हणावं का, "सर, जरा सरका"?

बरं, यंदा मे महिन्यात, पेरणीच्या आधी, मातीच्या पिशव्या दारापर्यंत लागलेल्या, अन् डायक्रोमेटची बाटली संपली. एका बाटलीत हजार नमुने होतात, सर फिकीर करीनात, अन् एक दिवस बघतात तर तळाला चिमूटभर! फोन लावला. एजन्सीवाला गोड बोलतो, "सर, माल निघालाच समजा." आठ दिवसांनी, "सर, ट्रान्सपोर्टवाला विषारी माल घेईना." आणखी आठ दिवसांनी, "सर, तुमी कशाला वापरताव त्याचं लिहून द्या." दिलं लिहून. "सर, शिक्का उमटला न्हाई!" सगळे चंबू धुऊन पालथे. मला तर सुख वाटायला पाहिजे होतं का न्हाई? पण तुमाला सांगते, करमेनाच! पाठीमागची ती टक-टक ऐकायला कान नुस्ते आसुसलेले. एकच थेंब हो...

शेवटी आला माल, गोडाऊनला. आणायला कोण जावं? ज्या बाईनं हात लावायचा न्हाई ती बाई! पप्पूच्या ऑटोत बसले, खोकं मांडीवर. पप्पू आरशातनं बघतो, "मावशी, ह्या खोक्यावर कवटी, जाळ, मेलेला मासा... हाय काय ह्यात?"

म्हटलं, "विष."

"सांडलं तर?"

"त्याची भुकटी नाकात जाऊ देऊ नये, अंगाला लागली तर फोड येतात. अन् कागद, तेल, स्पिरीट जवळ ठेवू नये. सोता जळत न्हाई, पण दुसरं पेटलं की त्याला जोर देतंय."

"आमच्या मेव्हण्यावानी!" असं म्हणून पप्पूनं जिंदगीत पहिल्यांदा गतिरोधकाला ब्रेक मारला.

लॅबमधी पोचले, सर इतके खूश! "सुकेशनीबाई, तुमच्यामुळं काम सुरू झालं. सांगा, काय पाहिजे?"

अन् तोंडातनं निघूनच गेलं हो. "एकच थेंब, सर. जास्ती न्हाई. शेवटचा. तो कॉक मला फिरवू द्या."

सर म्हणले, "सोळा वर्षांत बोलला कामून न्हाईत?"

"तुमी तरी कव्हा इचारलं?"

झालं, ठरलं! तवर आमच्या नव्या प्रियांका मॅडम उठल्या. पोरगी हुशार, पण नियमाची लय पक्की. बाटली कागदाच्या गठ्ठ्याजवळून त्यांनीच कुलपाच्या कपाटात नेली, भुकटीचं पाणी त्याच करतात. "मावशी, सेफ्टीशिवाय कॉकला हात न्हाई!" सोळा वर्षं उघड्या हातानं धुतले, तव्हा कुठं होती सेफ्टी? पण मॅडम बिचारी चार महिन्यापूर्वी आली, तिला काय बोलावं. हातमोजे घातले, गड्याच्या मापाचे. नाकाला मास्क. अन् डोळ्याला ते मोठ्ठे चष्मे... खाली माझी चाळिशी, वर ते! चंद्रावर निघाल्यासारखी मी.

सरांनी थेंब सोडत सोडत चंबू हिरवा व्हायच्या पार काठापर्यंत आणून दिला. "आता तुमी."

कॉक धरला. एक थेंब... काळंनिळं. दुसरा... काळंनिळं. श्वास असा भरून आला, अन् सुटला हो! मास्कमधनं तडक वर, चष्म्यात! एक काच धुरकट, दुसरी धुरकट, त्याखालची चाळिशीपण धुरकट, समोर नुस्तं पांढरं धुकं... अन् बोटानं तिसरा थेंब सोडला होता!

"आला! आला! बंद करा बाई!" सर वरडायले, मॅडम टाळ्या वाजवायल्या. "काय बरोबर थेंबाला थांबवलं! रीडिंग एकदम पक्कं!"

चष्मे वर करून बघते तर... झालेला हिरवा. जसा रोज असतोय तसाच.

सर एवढे खूश, डोळे भरून म्हणले, "दिसला ना, सुकेशनीबाई?"

अहो, त्या माणसाचं तोंड बघितलं अन्... "दिसला की सर! लय सुरेख!"

आता परत एक थेंब मागावा म्हणते हो. पण मागू कोणत्या तोंडानं? दिसला म्हणून बसले ना!