सोनावणे साहेबांनी बसवलेला कूलर

तुम्हाला आमच्या शेजारच्या सोनावणे साहेबांची अक्कल सांगते. माझ्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड फार तापायचं. व्हिडिओ एडिटिंगची सगळी कामं त्याच्यावर, म्हणून मी नवा मोठा कूलर मागवला. तो बसवायला घेतला आणि साहेब हजर.

"सरका वहिनी. मी विमानांची इंजिनं उघडतो, हे काय!"

माहितीपत्रक न वाचता त्यांनी कूलर आवळला. पाच मिनिटांत कॉम्प्युटर बंद पडला.

"चंदीगडचा उन्हाळाच तसला," साहेब म्हणाले.

जानेवारी होता हो! मी शाल पांघरून बसले होते.

घाबरतच मी कूलर काढला. कार्ड वाचलं होतं, पण कूलरचा तांब्याचा तळ, जो कार्डाला टेकून उष्णता ओढून घेतो, त्याच्यावरचं प्लास्टिक तसंच होतं. 'आधी हे काढा' असं त्यावर लाल अक्षरांत छापलेलं. मी ते साहेबांच्या नाकासमोर धरलं.

"मुद्दाम ठेवलं होतं," साहेब म्हणाले. "धूळ बसायला नको."