घरटी एक बाई

मी, केसर कोंडाजी मांदाडकर, वय ४८ वर्षे, धंदा सुपारी सोलण्याचे काम, राहणार वरची आळी, तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड. मला ठाण्यात बोलावले म्हणून आले आहे. समक्ष विचारल्यावरून सांगते ते असे की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती, धाकटे दीर हर्षद व त्यांची बायको पूनम असे एकत्र राहतो. चूल एक आहे. थोडी भातशेती आहे.

आमच्या गावाला लागून करमअली शेठ यांची सुपारीची वखार आहे. शेठ कोणा बाईला नावाने कामावर घेत नसत. हंगाम आला की घरटी एक बाई पाठवा, असा निरोप यायचा. आमच्या घरातून आधी माझी सासू मनुबाई जायची. तिची नजर अधू झाल्यावर मी जाऊ लागले. मला ताप आला किंवा शेतात निकड असली तर पूनम जायची. शेठ एवढेच म्हणायचे, "तुमच्या घरची जागा रिकामी ऱ्हाता नये." ती कधी राहिली नाही. पात्यावर सुपारी कशी धरायची ते पूनमला मीच शिकवले. पहिल्या हंगामात तिचा अंगठा कापला तेव्हा हळद मीच दाबली. वखारीतून माझ्याविरुद्ध जी तक्रार आली आहे, तिच्यात यातले काही लिहिलेले नाही.

शेठ थकल्यावर त्यांचे चिरंजीव मुसअब आखातातून परत आले व वखार पाहू लागले. त्यांनी माणसे भरण्यासाठी पनवेलकडच्या मनाली मॅडमना कामावर ठेवले. मॅडमनी निरोप दिला की सगळ्यांची भरती नव्याने होणार, आधार कार्ड व बँकेचे पुस्तक घेऊन या. त्या दिवशी आमची भातझोडणी होती. मी खळ्यात होते, पूनम मोकळी होती, म्हणून पूनम गेली. घरातले एक माणूस गेले की झाले, असे मला वाटले. माझ्या जागी कोणालाही तसेच वाटले असते. तिथे दारावरच्या मशीनमध्ये पूनमचा चेहरा घेतला, गळ्यात ओळखपत्र घातले, दिवसभर बसवून कामावर कसे वागायचे ते शिकवले आणि चहा-बिस्किटे दिली. संध्याकाळी तिने मला ओळखपत्र दाखवले. मी म्हटले, छान आहे, खुंटीला अडकव, जी जाईल ती घालेल.

पुढच्या आठवड्यात वडिलांना बरे नाही म्हणून पूनम माहेरी गेली. मी नेहमीसारखी वखारीत गेले व मशीनपुढे उभी राहिले. मशीन नाही म्हणाले. मी पदर सारखा करून पाहिला, घाम पुसून पाहिला, चष्मा काढून पाहिला. तरी नाही. मागे बायांची रांग खोळंबली होती. माझे डोके फिरले. मी मोबाइलमधला पूनमचा हळदीकुंकवातला फोटो काढून मशीनपुढे धरला आणि दार उघडले. जिवंत बाई समोर उभी असताना मशीनने फोटोला हजेरी दिली, याचा मला अजून राग आहे.

मी माझ्या जागेवर बसून काम सुरू केले. तिकडे पूनमने शिकवल्याप्रमाणे मॅडमना फोन करून रजा मागितली होती. मला ते माहीत नव्हते, आणि मी काय केले ते तिला माहीत नव्हते. एकच बाई रजेवर पण आणि वखारीत पण, म्हणून मॅडम आत आल्या. त्यांनी मला विचारले, "तुम्ही कोण?" मी म्हटले, "मी केसर. मी हितलीच हाय." त्या म्हणाल्या, "तुमचं नाव सिस्टीममध्ये नाहीये." मी म्हटले, "शेठना इचारा." करमअली शेठना आता माणसे ओळखू येत नाहीत. मुसअब शेठ तिथेच उभे होते. लहानपणी ते आम्हा बायांच्या मध्ये टरफलांच्या ढिगावर लोळायचे. ते मोबाइलमध्ये बघत राहिले.

मी दुसरीच्या नावाने आत शिरले, अशी तक्रार मुसअब शेठनी ठाण्यात दिली. काल मुसअब शेठ आमच्या घरी आले. ते म्हणाले, "मावशी, बाहेरचं मोठं गिऱ्हाईक तपासणीला येतंय. नोंद नसलेलं माणूस कामावर होतं असं निघालं तर माझा माल अडेल. तुम्ही ठाण्यात असं सांगा, की मी वखारीत कधी काम केलं नाय, त्या दिवशी शेजारणीचा डबा द्यायला शिरले. मी तक्रार मागं घेतो, पूनमची नोकरी ऱ्हाते. नायतर तिला पण काढायला लागेल." मी विचारले, "आन मी?" ते म्हणाले की पंचेचाळिसाच्या वरची नवी बाई घ्यायची नाही असे मॅडमनी ठरवले आहे. नवी बाई म्हणजे मी.

माझे पती व दीर दोघांचे म्हणणे पडले की डब्याचे सांगून मोकळे व्हावे. आज ठाण्याच्या पायऱ्यांवर पूनमने माझा हात धरला. म्हणाली, "ताई, डब्याचंच बोला. येवढंच तर बोलायचं हाय." मी हात झटकला. तिला रडू आले. ती बाहेर बाकावर बसली आहे. तिची यात काही चूक नाही, हे लिहून घ्यावे.

मी डब्याचेच सांगायचे ठरवून आत आले होते. तुम्ही तिथे काम करत होता का, असे साहेबांनी विचारले तेव्हा माझ्याने ते बोलवेना. मी तिथे काम करत होते. ज्या जागेवर माझे केस पिकले तिथे मी डबा पोचवायला गेले होते, असे मी सांगणार नाही. याने पूनमची नोकरी जाईल हे मला समजते. तिला ते मीच बाहेर जाऊन सांगेन, दुसऱ्या कोणी सांगू नये.

वर लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. मी तिथे काम करत होते, हे वाक्य मी पुन्हा एकदा वाचायला लावले. ते मी सांगितले तसेच आहे, बरोबर आहे.