ऐकायच्या आधी जोडलेले हात

मी मूळचा सोनईकडचा, बापाची जमीन चार एकर आन आमी भाऊ तिघं, मंग धाकटा म्हनून मीच निघालो, नागापूरला एमआयडीसीत पत्र्याच्या प्रेसवर लागलो तो आजतागायत तिथंच हाय. नाव बाळासाहेब, पन कंपनीत सगळी बाळूच म्हनत्यात. स्वभाव पहिल्यापासून घाईचा. काय सांगू तुमाला, भाकर तव्यावर असतानाच मी हात धुऊन बसतो, एसटी थांबायच्या आधी उतरतो, एकदा तसाच पडून गुडघा फोडून घेतला. आई म्हनायची, ह्याच्या पायाला भिंगरी हाय. आता तुमच्याशी बोलतोय तरी बघा, दोनदा उठून झालं.

तर गनपत मास्तर. हे पारनेरचे, बॅन्डमधी क्लॅरनेट वाजवायचे, आता पंच्याहत्तरी उलटली त्यांची. वरातीत कुठल्या गान्यामागं कुठलं गानं, हे त्यांच्यावानी कोनाला जमलं न्हाई. नवरदेव घोड्यावर चढताना एक, मारुतीच्या देवळापाशी एक, आन पोरं नाचून दमली की अशी सावकाश चाल काढायचे की म्हातारी मानसं ओट्यावरनं उठून यायची. माझ्या लग्नात सासरे मानपानावरनं रुसून बसलेले, कोनाचं ऐकंनात, मास्तरांनी त्यांच्या म्होरं जाऊन एक जुनं भजन धरलं आन सासरे डोळे पुशीत उठले. मी तवाच ठरवलं, हा मानूस आपला.

पुढं डीजे आला, बॅन्ड बसला, पन मास्तर बसले न्हाईत. चार वर्सांमागं मीच मोबाईलवर त्यांच्या चाहत्यांचा ग्रुप काढला, नगर, पारनेर, नेवासा, पार पुन्यापर्यंतची दोनशेच्या वर मानसं झाली. दर रविवारी सकाळी मास्तर आठ गान्यांची यादी पाठवायचे, कुठलं आधी, कुठलं मागनं आन का, हे सोताच्या आवाजात सांगायचे. लावनीच्या मागं अभंग ठेवायचे, मानसाला वाटावं हे काय म्हातारचळ, पन लागोपाठ लावलं की कळायचं, दोन्हीकडं वाट बघनंच हाय. आन शेवटाला सोताची नवी चाल, क्लॅरनेटवर, त्याच आठवड्यात बांधलेली. ह्या वयात दर आठवड्याला नवी, सांगा बरं.

हे कळायचं असं मी म्हनतो, पन मला ते मागनं कळलं, खोटं कशाला बोलू. तवा मी काय करायचो, मेसेज पडला रे पडला की हात जोडलेलं चित्र टाकायचो आन लिहायचो, मास्तर, तोड न्हाई. अकरा मिन्टाचं रेकॉर्डिंग आन माझी वाहवा पहिल्या मिन्टाला. माझ्यामागं सगळ्यांची. ऐकू की जेवल्यावर, म्हनायचो. जेवल्यावर गाडी धुवायची, मंग कोनीतरी बोलवायचं, मंग सोमवार उजाडायचा.

दिवाळीनंतर एका रविवारी यादी आली न्हाई. दुसऱ्याबी रविवारी न्हाई. फोन लावला तर उचलंनात. माझा जीव थाऱ्यावर राहिना, घरातनं बाहेर, बाहेरनं घरात, प्रेसवर हात चालू पन ध्यान न्हाई, सुपरवायझर म्हनला, बाळू, बोटं घालवशील. शेवटी एक दिवस त्यांच्या नातीनं फोन उचलला. म्हनली, काका, आजोबांची तब्येत बरी हाय, पन माझ्याकडनं चूक झाली. मी त्यांना दाखवलं, आपन पाठवलेला आवाज दाबून धरला की कोनी नुसता बघितला आन कोनी लावून ऐकला, दोन्ही नावं दिसत्यात. आजोबांनी मागचं सगळं तपासलं. वाहवा साठ-सत्तर जनांची, ऐकनारी सहा. मी इचारलं, सहात मी हाय का गं. ती म्हनली, काका, एकदा आजोबांना भेटून जा की.

मी घरी येऊन मंदाला, म्हंजी आमच्या मंडळीला, सगळं सांगितलं. ती मेथी निवडत हुती. म्हनली, मीबी हाय की ग्रुपात, दर रविवारी ऐकते, माझ्या फोनवर, भाकरी थापताना. म्हन्लं, मंग कधी दोन शब्द लिहिलं का न्हाई. म्हनली, अहो, हात पिठाचे असत्यात.

सुट्टीच्या दिवशी दोघं गाडीवर पारनेरला गेलो. मास्तर वट्ट्यावर बसलेले, क्लॅरनेट पेटीत बंद. मला या म्हन्ले, पन बघितलं मंदाकडं. म्हन्ले, तुमी मंदाताई ना, त्या सहा नावांतल्या, शेवटची चाल कशी वाटली. मंदा म्हनली, मधी एका जागी तुमी थांबलात, मला वाटलं दम लागला, दुसऱ्यांदा ऐकल्यावर कळलं, मुद्दाम थांबलाय. मास्तर तिच्याकडं बघतच राहिले. म्हन्ले, त्या थांबन्यापायी तर आख्खी चाल बांधली हुती, ताई.

मी पाय धरले, चुकलो म्हन्लं. ते रागावले न्हाईत, रागावले असते तर बरं झालं असतं. म्हन्ले, बाळासाहेब, वरातीत पोरगं पिऊन नाचत असलं तरी त्याच्या पायावरनं मला कळायचं, लागतंय का न्हाई, तसं मी वाजवनं बदलायचो. हितं पाय दिसंनात म्हनून तुमचे हात बघत गेलो. जिकडं जास्त हात, तिकडं वळलो. चार वर्सं वळत गेलो की हो मी, आन ते हात ऐकून जोडलेलेच न्हवते. तिथं मला रडू आलं, मंदासमोर, लाज वाटली पन आलं.

मंग मंदानंच त्यांना म्हन्लं, मास्तर, आता वाजवा, हे बसतील. मास्तरांनी पेटी उघडली. मी बसलो खरा, पन गुडघा हालायला लागला, कंपनीतलं आठवायला लागलं, तरी बसलो. सरल्यावर मास्तर म्हन्ले, बोला. तोंडात वा आलंच हुतं, गिळलं. म्हन्लं, मास्तर, निम्म्यात माझं ध्यान उडालं. मास्तर म्हन्ले, कुठनं उडालं. मी जमंल तसं गुनगुनून दाखवलं. ते म्हन्ले, तिथं मलाबी खटकत हुतं, पन सांगायला कोन हाय. आन क्लॅरनेट परत तोंडाला लावलं.

त्या रविवारपास्नं यादी परत सुरू झाली, देवानं त्यांचा दम असाच टिकवावा. आता ऐकतो. गाडी तशीच राहती, जीव अजून चुळबुळतो, एखाद्या रविवारी जमत न्हाई, मंग त्या रविवारी मी गप राहतो. परवा मेव्हन्याचा फोन आला, तोबी ग्रुपात हाय, म्हनला, दाजी, मास्तरांशी काही बिनसलं का तुमचं, पहिले सगळ्यात आधी तुमचे हात असायचे, आता पार दुपार हुती. म्हन्लं, न्हाई बाबा, ऐकत हुतो.