वर गेलेल्या शेळ्या वरच राहतील

...नाही, हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी मला एवढं सांगा, यात हसण्यासारखं काय आहे? मी लिहिलं होतं, "शेळ्या यापुढे शिडीने छपरावर चढणार नाहीत. ज्या आधीच चढल्या आहेत, त्या वरच राहतील." संपलं! दोन वाक्यं, दोन्ही खरी, एक शब्द जास्त नाही. आणि तुम्हाला सांगतो, लोकांनी ही वाक्यं टी-शर्टवर छापून घेतली! काल दवाखान्यात डॉक्टर माझी नाडी बघता बघता म्हणतात, "काय सर, उतरल्या का शेळ्या?" आणि स्वतःच खो-खो हसत सुटले, नाडी चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली... म्हणजे माझ्या हृदयाचे ठोके एका शेळीपायी दोनदा मोजले गेले!

मी मितभाषी माणूस आहे. छत्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवली. रोज सकाळी देवासमोर बसतो, तिथेसुद्धा मोजकंच बोलतो, कारण त्याला बाकीच्यांचंही ऐकायचं असतं. विनोद मी आयुष्यात केलेला नाही. केला असता तर सांगून केला असता.

झालं असं, की आमची मुलगी एका कचेरीत गेम बनवते. पत्ते, सोंगट्या नव्हेत; कॉम्प्युटरवरचा गेम. त्यात एक अख्खं गाव आहे, लोहार आहे, धर्मगुरू आहेत, पूल आहे, शेळ्या आहेत. खेळणारे हजारोंनी एकाच वेळी त्यात हिंडतात. आता एवढं गाव उभं करायचं म्हणजे चुका होणारच. त्या दर आठवड्याला दुरुस्त करतात आणि काय काय दुरुस्त केलं, त्याची यादी खेळणाऱ्यांसाठी जाहीर करतात. पॅच नोट्स म्हणतात तिला. पॅच म्हणजे ठिगळ. कुठे फाटलं होतं आणि कुठे ठिगळ लावलं, ते चारचौघांत सांगायचं! मला तर ऐकूनच भरून आलं. अहो, कोण सांगतं हो आपली फाटकी बाजू? आणि हे लोक दर शुक्रवारी, चार वाजता, सगळ्या जगाला सांगतात! ही यादी लिहिणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली. मुलगी म्हणाली, "बाबा, तीन महिने कराल का? नुसती शुद्ध वाक्यं हवीत." मी म्हटलं, "शुद्ध मिळतील. खोटं मात्र एक अक्षर लिहिणार नाही." ती म्हणाली, "ते मला लहानपणापासून माहीत आहे." कशी म्हणाली, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पहिल्याच दिवशी एक दाढीवाला समोर येऊन बसला. दाढी एवढी, की बोलतो कुठून ते शोधावं लागे. शेळ्यांचं खातं त्याच्याकडे. म्हणाला, "सर, शेळ्यांचं झालं. लिहून टाका, किरकोळ सुधारणा."

"किरकोळ म्हणजे काय?"

"म्हणजे... असंच, छोटंसं. शेळ्या शिडीवर चढायच्या, ते बंद केलं."

"आणि ज्या वर आहेत त्या?"

दाढी थबकली. "त्या... त्या उतरत नाहीत सर. शिडीच बंद केली ना."

"मग त्यांचं काय?"

"वरच राहतील."

"मग तसं लिहायला नको?"

"सर, लोक हसतील."

"शेळी छपरावर अडकली, यात हसण्यासारखं काय आहे?"

तर तुम्हाला सांगतो, ती शेळ्यांची ओळ अशी जन्माला आली. त्या दिवसापासून मी 'किरकोळ' या शब्दावर बंदी घातली. अहो, पाप झाकायला एवढा सोयीचा शब्द दुसरा नाही! आधीच्या 'विविध किरकोळ सुधारणा' मी एकेक उकरून काढल्या. एका किरकोळीखाली काय निघावं? गावातली सगळी माणसं दर गुरुवारी अकरा वाजता एका पायावर गोल फिरत होती, सहा महिने! दुसऱ्या किरकोळीखाली घोड्याशी लागलेली लग्नं! मी विचारलं, "किती?" दाढी म्हणाली, "चारशेच्या वर." मी शांतपणे लिहिलं, "घोड्याशी विवाह यापुढे लावता येणार नाही. पूर्वी झालेले विवाह मोडण्यात येणार नाहीत. ती जबाबदारी संबंधितांनी निभवावी." आता लग्न म्हटल्यावर निभवायला नको? मग आलं, "मृत व्यक्ती सकाळी कामावर हजर होत असत. त्यांना आता विश्रांती देण्यात आली आहे." मग, "सासूला दोनदा पुरता येत होते. यापुढे एकदाच." मग, "धर्मगुरूंचा आशीर्वाद घेणारा कमरेपर्यंत जमिनीत रुतत असे. आता रुतणार नाही. आशीर्वाद पूर्वीचाच आहे."

आणि लोक हसले. हसले म्हणजे काय, गडाबडा लोळले! ज्यांनी जन्मात गेम खेळला नाही, ते शुक्रवारी चार वाजता माझी यादी वाचायला बसू लागले. वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी मला बोलावलं, डोळे पुसत म्हणाले, "सर, सासू..." आणि पुढे त्यांना बोलताच येईना. घरी ही, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, चाळीस वर्षांत माझ्या एका वाक्याला हसल्या नाहीत, त्या भाजी निवडता निवडता मध्येच फिस्सकन हसायच्या. "काय झालं?" "काही नाही हो. एकदाच." अरे, पण यात हसण्यासारखं काय आहे?

असो. एक मात्र खरं. माझ्या यादीवर लोकांचा विश्वास बसला. सरांनी लिहिलं म्हणजे ते तसंच असणार. आणि मी... तुम्हाला सांगतो, मी त्या विश्वासावर जरा पाय पसरून बसलो.

गावाच्या पुलाशी एक आंधळा भिक्षेकरी बसतो. पुढ्यात वाडगा. गेम तपासणाऱ्या मुलीने मला कागद दिला, त्यावर एक ओळ होती, "आंधळ्याच्या वाडग्यातून किल्ली उचलता येते." कागदाच्या डोक्यावर लिहिलेलं होतं, 'तपासलं, ठीक आहे'. ते मी वाचलंच नाही. का वाचीन? आंधळ्याच्या वाडग्यात हात घालणं ठीक आहे, असं कोणता सज्जन लिहील? मी समजलो, तक्रारींचा कागद आहे, दुरुस्ती झाली आहे. आणि मी अगदी मन लावून लिहिलं, "आंधळ्या माणसाच्या वाडग्यातून यापुढे काहीही चोरता येणार नाही. ज्यांनी चोरले, त्यांनी मनाची लाज बाळगावी." मुलीने घाईत नजर टाकली, म्हणाली, "बाबा, तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल," आणि यादी गेली.

आता ऐका. ती चोरी नव्हतीच! तो आंधळा त्या पुलाचा जुना पहारेकरी. पुढचा दरवाजा उघडायची किल्ली तो स्वतःच्या हाताने वाडग्यात ठेवतो आणि म्हणतो, "घे." तो देत असतो, हो! आणि ती घेतल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. पण सरांनी लिहिलंय, घेता येणार नाही! म्हणून एकानेही, एकानेही हात पुढे करून पाहिला नाही. शनिवारी पुलावर हजार माणसं, रविवारी नऊ हजार, सोमवारी तर पुलावरून चालायला जागा नाही. सगळी त्या आंधळ्यासमोर मान खाली घालून उभी. लाज बाळगून! कोणी त्याच्या वाडग्यात टोप्या ठेवल्या, कोणी भाकरी, एकाने तर छपरावरची शेळी कशी कोण जाणे उतरवून आणून ठेवली. आणि तो आंधळा बिचारा आपला म्हणतोय, "घे... घे... घे..."

मंगळवारी साहेब हसत नव्हते. म्हणाले, "लोक गेम परत करतायत. शुक्रवारच्या यादीत खुलासा हवा, आणि ज्याची चूक त्याच्या नावासकट. त्या माणसाने सोमवारपासून यायचं नाही."

शुक्रवारी तीन वाजता मी मुलीच्या खोलीत गेलो, तर ती खुलासा लिहीत होती. मागून वाचला. खाली तिचं नाव!

"हे काय?"

"यादीवर शेवटची नजर माझी होती, बाबा."

"चूक माझी आहे."

"हो. पण तुम्ही ते म्हणणार आहात का?"

कशी म्हणाली माहीत आहे? जराही न रागावता. हवा कशी आहे विचारावं, तशी. आणि तुम्हाला सांगतो, छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने काढल्या, पण 'चुकलो' हे एवढंसं क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनात मी कधी वापरलेलंच नव्हतं.

म्हणजे एकदा वापरायला हवं होतं. ती आठवीत माझ्याच वर्गात होती. तिची वही आणि शेजारणीची वही, निबंध शब्दाला शब्द सारखा. मी म्हटलं, मास्तरची मुलगी म्हणून सोडणार नाही, आणि तिला तासभर वर्गाबाहेर उभं केलं. ती म्हणत होती, "बाबा, मी नाही..." मी म्हटलं, "शाळेत सर म्हणायचं." संध्याकाळी शेजारीण आईला घेऊन घरी आली, रडत. नक्कल तिची होती. मुलगी आतल्या खोलीत होती. मला काय वाटलं असेल ते वाटलं, पण मी आत गेलो नाही. दुसऱ्या दिवशी तिला नवं पेन आणून दिलं. किरकोळ सुधारणा!

दोन्ही वेळा मला चोर दिसला. दोन्ही वेळा तो तिथे नव्हता.

मी म्हटलं, "ऊठ. खुर्ची दे." दोन बोटांनी टाइप करतो मी, पाऊण तास लागला. लिहिलं:

"दुरुस्त. वाडग्यातील किल्ली घेता येते. ती पूर्वीही घेता येत होती. आंधळा माणूस ती देत असतो. टिपणकाराला ते दिसले नाही. चूक टिपणकाराची आहे. मी चुकलो.

दुरुस्त. आठवीच्या वर्गात एका मुलीला नक्कल केल्याबद्दल बाहेर उभे करण्यात आले होते. नक्कल तिने केली नव्हती. हे त्याच संध्याकाळी कळले होते. या दुरुस्तीस बावीस वर्षे लागली. विलंबाबद्दल दिलगीर आहे."

खाली नाव माझं, पूर्ण.

मुलीने वाचलं. परत वाचलं. म्हणाली, "बाबा, हे दुसरं गेममध्ये कुठे आहे?"

"नाही. पण यादी दुरुस्त्यांची आहे ना?"

तिने आपला खुलासा पुसून टाकला. मग घड्याळ बघितलं, तीन एकोणसाठ, आणि तिनेच बटण दाबलं.

आता तुम्हाला वाटेल, या वेळी तरी लोक गंभीर झाले असतील? छे! असे हसले, असे हसले! हसता हसता काहींनी म्हणे आपल्या मुलींना फोन लावले, पण आधी हसलेच. पुलावर माणसांनी भराभर किल्ल्या घेतल्या, आंधळ्याला मुजरे केले, पूल रिकामा झाला. साहेबांनी सोमवारी मला घरी बसवायचं ठरवलं होतं, शनिवारी फोन आला, "सर, ते राहू द्या. तुम्ही या." मी म्हटलं, "तुम्हीच म्हणाला होतात, यायचं नाही." ते म्हणाले, "मी चुकलो." बघा! सवय लागते.

आणि पुढच्या शुक्रवारचं ऐका. आमच्या यादीत शेवटी एक भाग असतो, 'ज्ञात दोष'. म्हणजे जे दोष आम्हाला ठाऊक आहेत, पण दुरुस्त होणार नाहीत, ते. तिथे मुलीने स्वतःच्या हाताने एक ओळ घातली होती आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडेच पाठवली होती:

"आमचे टिपणकार आपण विनोद करत नाही असे ठामपणे मानतात. हा दोष आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. दुरुस्तीचा विचार नाही. ते वरच राहतील."

मी लाल पेन उचललं, ओळ तीनदा वाचली. खाडकन खोडणार होतो. पण नियम कोणाचा? माझाच! खरं असेल ते राहील, खोटं असेल ते जाईल. चौथ्यांदा वाचली. खोटं शोधलं, हो, अगदी मनापासून शोधलं...

एक स्वल्पविराम दिला, आणि पुढे पाठवली.