संत रोक्कोचा परवाना आणि माझ्या सज्ज्यावरची चादर

नाव पुन्हा विचारतोस, मिम्मो? मागच्या उन्हाळ्यात माझे वाळत घातलेले टोमॅटो चोरीला गेले, तेव्हा याच टेबलावर लिहून घेतले होतेस. चोर सापडला नाही हे तर विसरलासच, आता नावही विसरलास. फौजदार झाल्यावर माणसाचे असेच होते. लिही.

नाव: फिलोमेना लोपेर्फिदो. वय: शहाऐंशी. धंदा: घरकाम, पूर्वी ऑलिव्ह वेचणे. शिक्षण: नाही. राहणार: भट्टी गल्ली, पहिला मजला, तोर्रेसाल्वा, बारी जिल्हा.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी नवरा दोनातो याच्यासह राहते. आमची गल्ली अरुंद आहे. पूर्वी समुद्राच्या रस्त्याला लवकर पोचायला सगळा गाव आमच्या दारातून गाड्या हाकायचा. दारात खुर्ची टाकून शेंगा सोलायची सोय नव्हती. म्हणून गल्लीतल्या बायकांनी नगरपालिकेला अर्ज केला, त्यावर माझाही अंगठा आहे. हे मी लपवत नाही. पालिकेने कॅमेरा बसवला. ज्याच्या गाडीला परवाना नाही, त्याचा फोटो निघतो आणि घरी दंडाची नोटीस जाते. परवाना फक्त गल्लीत राहणाऱ्याला. खांब रोवायला गल्लीत जागा नव्हती, म्हणून कॅमेरा माझ्या सज्ज्याच्या कठड्याखाली ठोकला. मला कोणी विचारले नाही. तरी गल्ली शांत झाली, आणि मी गप्प बसले.

सोळा ऑगस्टला संत रोक्कोची मिरवणूक असते. संत ज्या गल्लीतून जाणार, तिथल्या बायका घरातली सर्वांत चांगली चादर सज्ज्यावरून खाली सोडतात, आणि संत पुढे गेल्याशिवाय ती उतरवत नाहीत. मी माझ्या रुखवतातली पिवळी रेशमी चादर सोडते. मूर्ती पूर्वी खांद्यावर यायची. आता खांदे सगळे तोरिनोला आणि जर्मनीला नोकरीला आहेत, त्यामुळे मूर्ती कोझिमो भाजीवाल्याच्या तीनचाकी टेम्पोतून येते.

मागच्या वर्षी कॅमेऱ्यावरून लोंबणारी माझी चादर वाऱ्याने कठड्यावर गुंडाळली गेली आणि कॅमेऱ्याने टेम्पोचा फोटो काढला. कोझिमोला नोटीस आली. फोटोत संत रोक्को, त्याच्या पायाशी त्याचा कुत्रा, कुत्र्याच्या तोंडात पाव आणि खाली गाडीचा नंबर. फोटो चांगला आला आहे. कोझिमोने तो दुकानात लावला, पण पुन्हा गल्लीत यायला नाही म्हणाला.

यंदा जूनमध्ये मी पालिकेचे वाहतूक अधिकारी श्री. कासुल्ली यांच्याकडे स्वतः गेले. तेथे झालेले बोलणे असे:

“बाई, परवाना कोणाच्या नावाने हवाय?”

“संत रोक्कोच्या.”

“राहणार?”

“चर्चमध्ये. तुमच्या खिडकीतून दिसतंय बघा.”

“चर्च चौकात आहे. चौक गल्लीत मोडत नाही. ते रहिवासी नाहीत.”

“साहेब, ते तुमच्या पणजोबाच्या आधीपासून इथं राहतात.”

“गाडी त्यांच्या नावावर आहे का?”

“नाही. पण कुत्रा आहे. त्याचा वेगळा परवाना काढू का?”

श्री. कासुल्ली म्हणाले की यंत्राला सगळे सारखेच. मी म्हणाले, यंत्राचे ठीक आहे हो, ते बिचारे लोखंडाचे आहे, तुम्हाला काय झाले? त्यावर त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

त्यानंतर पाद्री साव्हिनो यांनी मिरवणूक यंदा बाहेरच्या मोठ्या रस्त्याने नेण्याचे ठरवले. तिथे बँक आहे, पेट्रोल पंप आहे. चादर सोडायला एकही सज्जा नाही.

माझा नवरा दोनातो याने तरुणपणापासून मूर्तीचा पुढचा डावा दांडा उचलला. खांद्यावर अजून खळगा आहे, त्यात अंडे राहील. हिवाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून तो पलंगावर आहे. पलंगावरून त्याला सज्जा आणि चादरीची वरची कड दिसते. बाकी काही दिसत नाही.

सोळा तारखेला सकाळी मी चादर सोडली, या वेळी खालची टोके तारेने कॅमेऱ्याच्या आडव्या पट्टीला बांधली. मिरवणूक मोठ्या रस्त्याने गेली. फटाके ऐकून दोनातोने विचारले, “आला का गं?” मी म्हणाले, “तालीम चाललीय.” दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले. मी सांगितले की संताचा परवाना पालिकेत अडकला आहे, मिळाला की येईल. पालिकेचे काम म्हटल्यावर त्याला अजिबात शंका आली नाही. “मग वेळ लागेल,” एवढेच म्हणाला. तेव्हापासून तो रोज विचारतो आणि मी रोज तेच सांगते. चादर वर आहे, म्हणजे संत यायचा आहे, एवढे त्याला समजते.

कॅमेरा झाकला गेल्याने गल्लीत पुन्हा परक्या गाड्या घुसतात, ही तक्रार खरी आहे. कालच एक जण दारात वाळत घातलेला माझा टॉवेल गाडीच्या आरशाला अडकवून घेऊन गेला. ते मी सोसते आहे.

आज सकाळी श्री. कासुल्ली शिडी घेऊन आले. मी वरून विचारले, “काय हवंय?” ते म्हणाले, “सरकारी यंत्र मोकळं करायचंय.” मी म्हणाले, “साहेब, संत गेल्याशिवाय चादर उतरत नाही. तुमच्या आईला विचारा.” ते म्हणाले, “संत केव्हाच गेला, बाई! दहा दिवस झाले!” एवढ्या मोठ्याने, आणि माझी खिडकी उघडी.

त्यानंतर त्यांच्या अंगावर पाणी पडले. पाणी मी बेझिलच्या कुंडीला घालत होते. कुंडी माझी आहे, पाणी माझे आहे, आणि त्याखाली उभे राहण्याचा परवाना त्यांच्याकडे होता की नाही ते मला माहीत नाही. पाणी गरम होते असे त्यांचे म्हणणे आहे. ते कोमट होते. मी आत जाऊन पाहिले. दोनातो भिंतीकडे तोंड करून होता. झोपला असावा.

मिम्मो, तू विचारलेस, “मावशी, चादर उतरवणार कधी? मलाही वर उत्तर द्यायचंय.” तर लिही. कोझिमो रविवारी मूर्ती आणायला तयार आहे. पाद्री साव्हिनो यांनीही मान डोलावली आहे. अट एकच, कॅमेरा झाकलेला हवा. संत सज्ज्याखाली येऊन उभा राहील, दोनातोला खुर्चीत बसवून बाहेर आणू, तो पाहील, आणि त्याच संध्याकाळी चादर मी स्वतः घडी करून ठेवीन. मग यंत्राने गल्लीतल्या मांजरांचेसुद्धा फोटो काढावेत, माझी हरकत नाही. दंड रविवारनंतर लावा. शिक्षा रविवारनंतर द्या.

रविवारपर्यंत थांबायला काय हरकत आहे, असे मी दोनातोला तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनाही विचारले होते. त्यांनी पिशवी आवरायला घेतली.

हा जबाब मिम्मोने मला मोठ्याने वाचून दाखवला. श्री. कासुल्ली यांच्याबद्दलचे तीन शब्द त्याने गाळले, ते मी पुन्हा सांगितले, त्याने पुन्हा गाळले. बाकी सारे माझे बोलणे आहे आणि खरे आहे. खाली अंगठा उमटवला आहे.

मला संध्याकाळपर्यंत इथेच बसवणार असाल, तर दोनातोकडे जेवण पाठवा. तुझी बायको पाठवेल, तिला माझे दार माहीत आहे. कोंबडीचे पातळ सूप, त्यात सगळ्यांत बारीक पास्ता, चीज नको, आणि चमच्याने भरवायला कोणीतरी. मात्र जत्रेची बदामाची चिक्की तुमच्या घरात उरली असेल, तर ती पाठवू नका, कितीही प्रेमाने द्यावीशी वाटली तरी. ती संत चर्चमध्ये परतल्यावरच वाटतात. दोनातोला चावता येत नाही, पण दिसते.