परसदाराची कडी

खट्ट.

भर दुपारी, सगळं घर निपचित पडलेलं, आणि परसदाराची कडी निघाली. त्या आवाजापर्यंत पोचायचंय आपल्याला. पण मंडळी, आधी एक सांगा. आपलं माणूस जपायचं म्हणजे त्याला पडू द्यायचं नाही, एवढंच का?

कोकणातलं घर. नवरा बोटीवर, वर्षातून एकदा येणारा. घरात निर्मला, तिची सहा वर्षांची रेवू आणि सासूबाई. त्यांना सगळं गाव काकी म्हणायचं. काकींचा जीव एकाच गोष्टीत – परसात उतरायचं, अबोली खुडायची आणि केळीच्या सोपाच्या, म्हणजे सालीच्या, धाग्यात वळेसर – अबोलीचा गजरा – गुंफायचा. सुई नाही, काही नाही. नुसती बोटं!

श्रावणात परसाच्या पायऱ्यांवर, शेवाळावरून काकींचा पाय घसरला. मनगट मोडलं. निर्मलानं परसदाराला उंच, काकींचा हात पोचणार नाही अशी कडी ठोकून घेतली. चुकलं का तिचं? पुन्हा काही झालं तर बोटीवर फोन कोण करणार – तीच ना?

मनगट जुळलं. कडी राहिली. निर्मला बाजारातून तयार वळेसर आणायची. काकी "छान आहे हो" म्हणायच्या आणि देवाला वाहून टाकायच्या. मग दुपारभर रिकामे हात मांडीवर. एका घरात दोघी, आणि दोघी एकट्या.

एकदा शेजारच्या इंदिराबाई म्हणाल्या, "काकी, सुनेनं फुलासारखं जपलंय हो तुम्हाला."

"तर काय," काकी म्हणाल्या, "सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपायचं तेवढं राहिलंय."

हसलात ना? इंदिराबाईही हसल्या. निर्मला नाही हसली.

दुसऱ्या दिवशी तिनं पायऱ्या खरवडल्या. कडेनं सुंभाची दोरी ताणली. आणि दुपारी – खट्ट.

"या आई. मी खाली उभी राहते."

"आणि पडले तर?"

"तर उचलीन. माझी बोलणी मात्र खावी लागतील."

"ती काय, घरात बसूनही खातेच की," म्हणत काकी बसत बसत उतरल्या. अबोली खुडू लागल्या. निर्मलाचा जीव टांगणीला. भीती गेली नव्हती हं तिची. भीती घेऊनच उभी होती.

तुमच्याही घरी कोणी खाटेवर असेल. गोळी दिलीत, दूध दिलंत, दार ओढून इथे ऐकायला आलात. त्यांचे हात कशासाठी आसुसलेत, कधी विचारलंत?

रेवू पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "आजीला फुलं आवडतात. आई, तू म्हातारी झालीस की मी तुला कुठे नेऊ? तुला काय आवडतं?"

निर्मला दोरी धरून उभी. आठवून बघितलं. काही सुचेना.